बरे वाटल्यावरही गोळ्या कशासाठी?

रावेत - मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर असतात, मनोविकाराच्या मात्र कपाटात. रावेतच्या नव्या गृहसंकुलांतही हे चित्र फारसे वेगळे नाही. शिवाय बरे वाटू लागले, की त्या बंद करण्याची घाई होते. तीव्र नैराश्यासोबत भ्रम किंवा भास झालेल्या रुग्णाला ही घाई महागात पडू शकते.

या आजारात मन नुसते खचत नाही. आपण कंगाल झालो, आपल्या हातून अक्षम्य पाप घडले, अशी रुग्णाची ठाम समजूत होते. काहींना दूषणे देणारे आवाज ऐकू येतात. आत्महत्येचा धोका मोठा असतो. त्यामुळे नैराश्यावरील आणि भ्रमावरील अशी दोन औषधे एकत्र दिली जातात, किंवा विद्युत उपचार केले जातात.

बरे झाल्यावर यांपैकी भ्रमावरील औषध थांबवावे का, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. अमेरिका व कॅनडातील डॉक्टरांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बऱ्या झालेल्या १२६ रुग्णांची ३६ आठवडे पाहणी झाली. सर्वांना सर्ट्रालिन सुरू होते. त्यासोबत ओलान्झापिन चालू ठेवलेल्या ६४ जणांपैकी १३ जणांचा आजार उलटला. ते कमी करत थांबवून निष्प्रभावी गोळी दिलेल्या ६२ जणांपैकी ३४ जणांचा.

पण औषध चालू ठेवण्याची किंमतही याच अभ्यासात दिसली. वजन, कमरेचा घेर व कोलेस्टेरॉल या तिन्ही बाबतींत ओलान्झापिन घेणारे तोट्यात राहिले. म्हणून वजन, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉलची नियमित तपासणी आवश्यक ठरते. वजन वाढल्याची रुग्णाची तक्रार घरच्यांनी 'नखरे' म्हणून उडवून लावू नये. गोळ्या परस्पर सुटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

चाकणला रात्रपाळी करणाऱ्यांपुढे वेगळी अडचण असते. ओलान्झापिनने गुंगी येते. अशा वेळी डोस चुकवण्यापेक्षा पाळीचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून गोळीची वेळ ठरवून घ्यावी. गुंगीत यंत्र वा वाहन चालवू नये.

सर्ट्रालिन एकाएकी सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश जाणवू शकतो. औषध थांबवायचेच असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एका वेळी एकच आणि टप्प्याटप्प्याने. त्या काळात झोप उडणे, जेवण सुटणे, जुना संशय पुन्हा डोकावणे याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. रुग्णाला स्वतःला ते उमगेलच असे नाही.

पिंपरीतील महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत व मराठीतूनही बोलता येते. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या रुग्णाला मात्र एकटे न सोडता थेट रुग्णालयात न्यावे.