रोहिणखेडची लढाई, लोणारचा गाळ आणि उद्याचा पाऊस

१/ वऱ्हाडचे जुने दोन भाग : खालचा सपाट पयानघाट आणि वरचा पठारी बालाघाट. या दोहोंच्या सांध्यावर, घाटाच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड वसले आहे. १४३७ मध्ये खानदेशचा सुलतान नसीर खान फारुकी वऱ्हाडावर चालून आला. बहमनी सुलतानाला दिलेल्या आपल्या मुलीची उपेक्षा झाली, हा त्याचा राग. दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेड येथे गाठले, धूळ चारली आणि थेट बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले.

२/ कोण कोणावर रुसला, कोण कोठवर पळाला, हे सारे ज्ञात आहे. परंतु त्या वर्षी वऱ्हाडात पाऊस किती झाला? येथे तवारिखा मौन पाळतात. पावसाची नोंद बखरकार सहसा तेव्हाच घेतो, जेव्हा माणसे मरू लागतात.

३/ तशी एक नोंद या लढाईच्या चाळीस वर्षे आधीची आहे : १३९६ पासून दख्खनला ग्रासणारा दुर्गादेवीचा दुष्काळ. परंपरा त्याला बारा वर्षांचा दुष्काळ म्हणते. सलग बारा वर्षे? अनेक अभ्यासकांना यात लोकस्मृतीची अतिशयोक्ती वाटली, तर त्यात नवल नाही.

४/ या शंकेला एक कारण होते. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सिद्ध केलेली अखिल भारतीय पर्जन्यमालिका १८७१ पासून सुरू होते. या दीडशे वर्षांत १८७७, १८९९, १९७२ यांसारखी भीषण वर्षे आहेत, पण दशकभर न हटणारा दुष्काळ त्यांत नाही. जे मोजले गेले नाही ते घडलेच नसावे, असे मानण्याचा मोह सहज होतो.

५/ याचे उत्तर कागदात नव्हते, दगडात होते. बस्तरमधील दंडक गुहेत थेंबाथेंबाने वाढलेल्या चुनखडीच्या लवणस्तंभात प्रत्येक थर आपल्या काळच्या पावसाची खूण जपतो. पाऊस भरपूर असला की त्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते. पाऊस रोडावला की वाढते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इ.स. ६०० ते १५०० या काळाचा आलेख मांडला गेला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत मान्सून वर्षानुवर्षे दुबळा राहिल्याचे त्यात दिसते. दुर्गादेवीची लोकस्मृती त्याच पट्ट्यात बसते.

६/ दुसरी नोंदवही खुद्द बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसाल्टात पडलेल्या विवरात आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्यातून पाणी वाहून जायला वाट नाही. जे जाते ते प्रामुख्याने बाष्प होऊन. म्हणून पाणी खारे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या तळ्याची दखल घेतली आहे, तीही काच आणि साबण यांना लागणाऱ्या क्षारांसाठी!

७/ हाच क्षार संशोधकांच्या कामी आला. तळ फार आटले की सोडियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट एकत्र येऊन गेलुसाइट नावाचे स्फटिक बनतात आणि गाळात रुततात. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यात जवळजवळ अकरा हजार वर्षांचा काळ थरांनी रचलेला होता. २०१४ च्या त्यांच्या निबंधानुसार दोन दीर्घ कोरडे कालखंड ठळक आहेत : सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्यांचा संबंध हिंदी-प्रशांत महासागरातील उष्ण जलराशीच्या बदलांशी जोडला गेला.

८/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने घाई करू नये. लोणारचे दैत्यसूदन मंदिर याच दुसऱ्या कोरड्या कालखंडात उभे राहिले. अवर्षण म्हणजे लगेच ऱ्हास, हे समीकरण येथे टिकत नाही. १४३७ च्या लढाईमागेही दुष्काळ शोधू नये. तेथे सासर-माहेरचा तंटा पुरेसा आहे. शिवाय गाळाचे कालमापन काही दशकांनी मागेपुढे होते. एका लढाईचे वर्ष त्यावर टांगता येत नाही.

९/ मग याचा उपयोग काय? हवामानाची संगणकीय प्रारूपे गेल्या दीडशे वर्षांच्या मोजमापांशी पडताळली जातात. पण ती घडतानाच ही मोजमापे हाताशी होती. खरी परीक्षा अनोळखी काळाची. म्हणून जगभरातील गट प्रारूपांना सहा हजार वर्षांपूर्वीचे जग चालवून पाहायला लावतात. पृथ्वीच्या कक्षेमुळे तेव्हा उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातील ऊन अधिक होते. मान्सून बळावल्याचे बहुतेक प्रारूपे दाखवतात, पण सहारा तेव्हा जितका हिरवा होता तितका ती करू शकत नाहीत. हे अपयशच मोलाचे, कारण कोणता दुवा सुटला आहे ते त्यातून कळते.

१०/ बंगालच्या उपसागराच्या तळातील गाळातून नऊ लाख वर्षांचा मान्सून वाचला गेला (२०२१). हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तेव्हा पाऊसही वाढला, असे त्यातून निघाले, आणि भविष्याची प्रारूपेही तेच सांगत आहेत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हवामान समितीने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणाऱ्या तापमानवाढीचा संभाव्य पल्ला १.५–४.५ अंशांवरून २.५–४ अंशांवर आणला. या पुराव्यांत हिमयुगादी प्राचीन काळांचाही वाटा होता.

११/ सरासरी पाऊस वाढेल, हे वऱ्हाडातील कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याला पुरेसे नाही. त्याला ओळीने किती वर्षे वाईट जाऊ शकतात, हे हवे. धरणे, पीकविमा, चाऱ्याचे साठे यांचे हिशेब १८७१ नंतरच्या पावसावरच बेतले, तर दंडक आणि लोणारने पाहिलेली वर्षे त्यांत येतच नाहीत.

१२/ जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मिठात तगणारे सूक्ष्मजीव आढळले : पाणी घटून क्षारता वाढली होती. त्या उन्हाळ्याचा थरही आता तळाशी बसला आहे.