जामीन मिळाला म्हणजे केस संपली नाही : फौजदारी खटला कोर्टात कसा चालतो

मोहल्ल्यातला एखादा मुलगा पोलिसांनी उचलला की पहिले पंधरा दिवस सगळं घर पळत असतं. पोलीस ठाणं, वकील, ओळखीचा नगरसेवक, जामीनदार, कागदपत्रं. उसने पैसे काढले जातात, अम्मीचे दागिने मोडले जातात. मग एक दिवस जामीन होतो, मुलगा घरी येतो आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. दोन-तीन वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं तेव्हा वकील साहेबांचा नंबर बदललेला असतो आणि चार्जशीटची प्रत कुठे ठेवली ते कोणालाच आठवत नाही.

हे आम्ही इतक्या घरांत पाहिलं आहे की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. जामीन म्हणजे खटला चालू असेपर्यंत तुरुंगाबाहेर राहायची परवानगी, एवढंच. मुलगा दोषी की निर्दोष हे ठरतं साक्षी-पुराव्याच्या वेळी. आणि नेमकं तेव्हा घर थकलेलं असतं, पैसाही संपलेला असतो.

आधी कायद्याची नावं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात. त्यामुळे सध्या कोर्टात दोन्ही आकडे कानावर पडतात. गोंधळून जाऊ नका. टप्पे मात्र बहुतेक तेच आहेत.

अटक आणि रिमांड

एफआयआर म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत मोफत मिळते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, यालाच झीरो एफआयआर म्हणतात. अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगणं आणि तो सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे कारण लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. शनिवारी रात्री अटक झाली तरी हा नियम लागू असतो, कारण सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी एक मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात.

इथे दोन शब्द ऐकू येतील. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी आणि एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. एका गुन्ह्यात पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही, पण नव्या कायद्यानुसार हे 15 दिवस गुन्ह्याप्रमाणे पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात.

रिमांडच्या दिवशी मॅजिस्ट्रेट एक प्रश्न विचारतात : पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मुलगा शेजारी उभ्या हवालदाराकडे बघतो आणि "नाही" म्हणतो. ते "नाही" लिहिलं जातं आणि वर्षानुवर्षं त्याच्या विरोधात वाचलं जातं. मारहाण झाली असेल तर त्याच क्षणी सांगायचं, जखम दाखवायची, वैद्यकीय तपासणी मागायची. हे त्याला सांगणारा वकील पहिल्या रिमांडलाच हजर हवा. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीत असलेल्या कोणालाही, आणि कोणत्याही स्त्रीला, हा हक्क उत्पन्नाची अट न लागता आहे. हेल्पलाइनचा नंबर 15100. मोफत वकील म्हणजे कामचुकार, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. तो खरा नाही. अनेक जण मनापासून केस चालवतात.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. कबुलीमुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर फक्त तेवढा भाग चालतो. मकोकासारख्या विशेष कायद्यात मात्र पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा धरली जाते. म्हणूनच एफआयआरमधली कलमं नीट वाचणं फार महत्त्वाचं आहे.

तारखा मोजा

तपासाला मुदत असते. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा आहे त्यात 90 दिवस, बाकीच्यांत 60. यूएपीए आणि मकोकामध्ये कोर्टाच्या परवानगीने हीच मुदत 180 दिवसांपर्यंत जाते. तेवढ्यात चार्जशीट आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असो. पण तो मागावा लागतो. 91व्या दिवशी अर्ज केला नाही आणि 92व्या दिवशी चार्जशीट दाखल झाली, तर हक्क गेला. कॅलेंडरवर पहिल्या रिमांडच्या तारखेला गोल करून ठेवा आणि तिथून दिवस मोजा.

जामीन मंजूर झाला तरी मुलगा आठ-आठ दिवस आत राहतो, त्याचं एक साधं कारण म्हणजे नाव. जामीनदाराच्या आधारवर "मोहम्मद", रेशन कार्डावर "मो.", घरपट्टीच्या पावतीवर नुसतं "शेख". कोर्टातला कारकून कागद परत करतो. एकाच नावाची व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि लागल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आधीच तयार ठेवावा. तोपर्यंत रोख जामिनावर सोडावं, असा अर्जही वकील देऊ शकतात.

खूप दिवस आत असलेल्यांसाठी आणखी एक तरतूद आहे. त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढला, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर जामिनावर सोडता येतं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त केसेस असलेल्यांना ती लागू नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या केसेसमधल्या कैद्यांनाही तिचा फायदा मिळेल. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन शिक्षा न झालेले, कच्चे कैदी आहेत, हे लक्षात घेतलं तर ही तरतूद किती घरांना हवी आहे ते कळेल.

चार्जशीट ते आरोप

चार्जशीटची आणि सोबतच्या सगळ्या जबाबांची, पंचनाम्यांची प्रत आरोपीला मोफत मिळते. तिची झेरॉक्स काढून एक घरी, एक वकिलाकडे ठेवा. साधे गुन्हे जेएमएफसी कोर्टातच चालतात. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे मॅजिस्ट्रेट सत्र न्यायालयाकडे पाठवतात.

आरोप निश्चित होण्याआधी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो : कागदांवरच केस उभी राहत नाही, म्हणून नाव वगळा. 2006 च्या मालेगाव स्फोटात अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना 2011 मध्ये जामीन मिळाला, पण त्यांची नावं केसमधून निघाली ती एप्रिल 2016 मध्ये, विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केल्यावर. जामीन आणि सुटका यांत किती अंतर असतं ते यावरून कळतं.

दोषमुक्ती नाकारली तर न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? "लवकर मिटेल" म्हणून इथे कबूल करणारी पोरं आम्हाला माहीत आहेत. छोट्या केसमध्ये दंड भरून सुटतातही, पण ती शिक्षा नोंदीवर कायमची राहते. वकिलाशी बोलल्याशिवाय "हो" म्हणू नका.

खरी लढाई : साक्ष

आता सरकार पक्ष एकेक साक्षीदार आणतो. फिर्यादी, घटना पाहणारे, पंच, डॉक्टर, आणि शेवटी बहुधा तपास अधिकारी. प्रत्येकाची आधी सरकारी वकील सरतपासणी घेतात, मग आरोपीचे वकील उलटतपासणी. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. आरोपीला साधारणपणे निर्दोषत्व सिद्ध करावं लागत नाही. रास्त शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो.

पण शंका आपोआप उरत नाही, ती प्रश्न विचारून रेकॉर्डवर आणावी लागते. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब स्वतः पुरावा नसतो. पण कोर्टात साक्षीदार त्याहून वेगळं बोलला तर उलटतपासणीत ती विसंगती दाखवता येते. पंचाला विचारायचं, तुझ्यासमोर वस्तू सीलबंद केली का, लेबलावर सही कोणाची? हे प्रश्न कोण सुचवणार? चार्जशीट वाचलेलं घर. वकील साहेबांकडे शंभर केसेस असतात. चौकातला दिवा त्या वर्षी बंद होता, ते दुकान दर शुक्रवारी दुपारी बंद असतं, साक्षीदाराचं आणि आपलं जुनं भांडण आहे, हे तुम्हालाच माहीत असतं.

मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये 11 जुलै 2006 ला झालेल्या स्फोटांत 180 हून अधिक माणसं गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 13 पैकी 12 जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यातला एक तोपर्यंत तुरुंगातच वारला होता. उच्च न्यायालयाने ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्या पाहा : टॅक्सीचालक साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प का होते, ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकार होता का, जप्त वस्तूंची सीलं नीट होती का, कबुलीजबाब एकमेकांशी इतके जुळतात कसे. अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा बोलावले जात नाहीत, खालच्या कोर्टातलं रेकॉर्ड वाचलं जातं. खाली जे विचारलंच नाही ते वर सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी आदेश दिला की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही. दुसरीकडे, त्या गाड्यांत ज्यांची माणसं गेली त्या घरांना आजही उत्तर मिळालेलं नाही.

हाच नियम आपण फिर्यादी असताना उलट बाजूने कापतो. पुण्यात हडपसरला जून 2014 मध्ये एका मुस्लिम आयटी कर्मचाऱ्याची जमावाने हत्या केली. जानेवारी 2023 मध्ये पुरेशा पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. अशा वेळी फक्त सरकारी वकिलावर सोडून चालत नाही. पीडित कुटुंब स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलाला मदत करू शकतं, लेखी युक्तिवाद देऊ शकतं आणि आरोपी सुटला तर स्वतः अपील करू शकतं. साक्षीदार फितूर होऊ नये यासाठी त्याला धीर देणं, तारखेला सोबत जाणं, धमकी आली तर लगेच लेखी तक्रार देणं, हे आपलं काम. साक्षीदाराला काय बोलायचं ते शिकवणं मात्र आपलं काम नाही. शिकवलेली साक्ष उलटतपासणीत पाच मिनिटांत उघडी पडते.

दोन्ही बाजूंनी एक सवय लावून घ्या. प्रत्येक तारखेनंतर रोजनामा पाहा. त्या दिवशी काय झालं, कोण गैरहजर होतं, पुढची तारीख का पडली, ते त्यात असतं. केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख मोबाइलवर दिसते. आरोपी आजारी असेल तर हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी जायला हवा, नाहीतर अजामीनपात्र वॉरंट निघतं.

आरोपीचा जबाब आणि निकाल

सरकारी साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला पुराव्याबद्दल प्रश्न विचारतात. जुन्या कायद्यात हे कलम 313 होतं, आता 351 आहे. शपथ नसते. बहुतेक जण प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" म्हणून उरकतात. पण मुलगा त्या वेळी कामावर होता, नातेवाइकाच्या निकाहला होता, तर ते इथे सांगायला हवं आणि बचावाचा साक्षीदारही आणायला हवा. त्याची तयारी मात्र पहिल्या आठवड्यातच करावी लागते. दुकानाचं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, मोबाइल कंपन्याही रेकॉर्ड कायम ठेवत नाहीत. ते जपून ठेवण्याचा आदेश द्यावा, असा अर्ज वकिलामार्फत लगेच करा.

मग दोन्हीकडचे युक्तिवाद आणि निकाल. दोषी ठरवलं तर शिक्षेबद्दल वेगळं ऐकून घेतलं जातं. घरची परिस्थिती, वय, आजारपण तेव्हा सांगायचं. निकालाची प्रत मोफत मिळते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध अपील उच्च न्यायालयात 60 दिवसांत, फाशी असेल तर 30 दिवसांत. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात 30 दिवसांत.

निर्दोष सुटला तरी दोन कामं उरतात. वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बंधपत्र द्यावा लागतो. आणि जप्त केलेला मोबाइल, गाडी, पैसे परत मागायला मुद्देमालाचा अर्ज करावा लागतो. त्याच वेळी नक्कल विभागातून निकालाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून घ्या. केस चालू असताना पासपोर्टसाठी किंवा उमराहला जायला कोर्टाची परवानगी लागते. सुटल्यावर ती लागत नाही, पण पोलीस पडताळणीत जुन्या एफआयआरचा नंबर अजूनही दिसतो, आणि तेव्हा समोर ठेवायला हीच प्रत लागते.