खुर्द्याचा हिशेब

'पानिपतच्या तिसऱ्या युद्धातील मराठ्यांच्या पराभवाची कारणे लिहा.' सातवीत हा प्रश्न हमखास येणार, म्हणून आपण मुद्दे पाठ केले होते: भाऊसाहेबांचा हट्ट, उत्तरेत मित्रांचा अभाव, सोबत बुणग्यांचा भार. आपल्या इतिहासाच्या बाईंनी मात्र पुस्तकं मिटायला लावली आणि फळ्यावर चक्क गणित घातलं. आठवतंय?

"छावणीत एक लाख माणसं धरा. माणशी रोज अर्धा किलो धान्य. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो. रोज किती बैल लागतील?"

उत्तर आलं, पाचशे. घोड्यांचा दाणा-चारा वेगळाच. मग बाईंनी नकाशा टांगला. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेला असलेलं कुंजपुरा जिंकलं. तिथला धान्यसाठा हाती आला. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. रसदेची मोठी भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. "आता सांगा, हे पाचशे बैल येणार कुठून?" वर्ग चिडीचूप. अडीच महिन्यांच्या कोंडीनंतर, १४ जानेवारी १७६१ रोजी, उपासमारीने टेकीला आलेली फौज लढाईला बाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सकाळ गाजवली. दुपारी विश्वासराव पडले आणि पारडं फिरलं.

"आणि बुणगे म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. ते होते यात्रेकरू, बायका-मुलं, दुकानदार, नोकरचाकर. आपल्या वहीत ते पराभवाचं एक 'कारण' होते, माणसं नव्हते. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळालेला सांकेतिक निरोपही बाईंनी समजावला. त्यात भाऊसाहेब आणि विश्वासराव मोती होते, सरदार मोहरा होते. बाकीचे सारे रुपये-खुर्दा, आणि त्यांची गणतीच नव्हती.

खरं सांगते, हे सगळं ऐकूनही परीक्षेत मी 'बुणग्यांचा भार' हाच मुद्दा ठळक लिहिला आणि पैकीच्या पैकी गुण घेतले.

आज माझं काम सॉफ्टवेअरचं. मध्यरात्री एखादी यंत्रणा कोलमडली की पहिला प्रश्न येतो, 'चूक कुणाची?' अशा वेळी मला ते पाचशे बैल आठवतात आणि मी विचारते, 'कशाची वाट कधीपासून बंद होती?' उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

गेल्या महिन्यात मुलीचा पानिपतचा अभ्यास घ्यायला बसले. तिलाही बाईंचंच गणित घातलं. पाचशे आकडा काढून ती म्हणाली, "मग जी माणसं वाचली, ती घरी कशी गेली?" हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाही सुचला नव्हता. मी वाचून तिला सांगितलं: कितीतरी जण गेलेच नाहीत. पण जे निसटले, त्यांतल्या अनेकांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने आसरा, अन्न आणि कपडे दिले. लढाईआधी मराठ्यांची साथ सोडून गेलेला, आपल्या वहीतला 'दुरावलेला मित्र' तो हाच.

बाई, तुम्ही वर्गाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं उशिरा देते आहे. बुणगे म्हणजे ज्यांना घरी परत जायचं होतं, ती माणसं. गुण देऊ नका. यंदाच्या स्नेहमेळाव्यात फक्त पुन्हा एकदा फळ्यापाशी उभ्या राहा.