विज्ञानकथा-मालिकांतील भावबंध

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या विज्ञानकथा-मालिकांत पात्रांमधली मैत्री, प्रेम, निष्ठा आणि वैर बदलत जातात. हा बदल लेखकाच्या योजनेइतकाच प्रक्षेपणाची पद्धत आणि नटांची उपलब्धता यांवर ठरतो.

सुरुवातीच्या मालिकांत प्रत्येक भाग स्वतंत्र असे, कारण पुनःप्रक्षेपणात तो कोणत्याही क्रमाने दाखवला जाई. ‘स्टार ट्रेक’च्या (१९६६–६९, ७९ भाग) १९६७ मधील एका भागात कॅप्टन कर्क भूतकाळात जातो, एडिथ कीलर हिच्या प्रेमात पडतो आणि इतिहास बिघडू नये म्हणून डोळ्यांदेखत तिला मरू देतो. पुढच्या आठवड्यात या दुःखाचा मागमूसही नाही! त्यामुळे मुरत गेले ते फक्त कायमच्या पात्रांचे नाते : कर्क, भावना दडपणारा स्पॉक आणि त्याच्याशी सतत हुज्जत घालणारा डॉ. मॅकॉय. या नात्याची खोली पुरती दिसली ती १९८२ च्या चित्रपटात, स्पॉकच्या मृत्यूच्या वेळी.

सलग कथानकाने चित्र पालटले. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ‘बॅबिलॉन ५’ (११० भाग) पाच वर्षांची एकच कथा म्हणून आखली आणि बहुतेक भाग स्वतः लिहिले. तीतील लोंडो आणि जकार हे दोन शत्रू-वंशांचे राजदूत. आपण आणि जकार एकमेकांचे गळे आवळत मरणार, असे स्वप्न लोंडो आरंभीच सांगतो. प्रेक्षक त्याचा अर्थ वैर असा लावतो. मधल्या काळात लोंडोचे साम्राज्य जकारचा ग्रह बेचिराख करते, मग एका वेड्या सम्राटाविरुद्ध दोघे हातमिळवणी करतात, आणि शेवटी जकार लोंडोचा अंगरक्षक होतो. स्वप्न खरे ठरते. पण लोंडोवर ताबा मिळवलेल्या परजीवीपासून सुटका व्हावी म्हणून तोच जकारकडे मरण मागतो. घटना तीच राहते, अर्थ उलटतो. या प्रकारातले इतके बांधेसूद नाते क्वचितच सापडते.

योगायोगाचे उदाहरण ‘द एक्स-फाइल्स’चे (१९९३–२००२, पुन्हा २०१६–१८). १९९४ मध्ये जिलियन अँडरसन गरोदर असल्याने तिच्या स्कली या पात्राचे अपहरण दाखवावे लागले. या तडजोडीतूनच पुढचे बरेच कथानक आणि स्कली व तिचा सहकारी मल्डर यांचे परस्परावलंबन वाढले. ‘डॉक्टर हू’मध्ये (१९६३ पासून) तर नायकाचा चेहराच बदलतो, म्हणून आठवणींचा भार सहप्रवाशांवर पडतो. १९७६ मध्ये मागे राहिलेली सहप्रवासी सारा जेन २००६ मध्ये परतते आणि तीस वर्षांचा जाब मागते.

भारतात अशा नात्यांना सवडच कमी मिळाली. अकोला-अमरावतीकडच्या घरांत केबल येईपर्यंत दूरदर्शन हीच वाहिनी होती. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ही तिथेच दिसे. ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ (दोन्ही १९८९) अल्पजीवी ठरल्या. दीर्घकाळ टिकली ती ‘शक्तिमान’ (१९९७–२००५), योग आणि विज्ञानकथेची मिसळ. वार्ताहर गीता विश्वास शक्तिमानवर भाळलेली, आणि तोच वेंधळ्या गंगाधरच्या रूपात तिच्याच कचेरीत छायाचित्रकार! गीताच्या भूमिकेत किटू गिडवानी यांच्या जागी वैष्णवी महंत आल्या, तरी हा पेच तसाच चालू राहिला. गुपित टिकवणे हेच त्या नात्याचे इंधन होते.

मराठी विज्ञानकथा जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्यामुळे पुस्तकांत रुजली. मालिकांत तिला तशी जागा मिळाली नाही. कालप्रवासाचे काम मराठी मालिकेत पुनर्जन्माने केले. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘असंभव’मध्ये (झी मराठी, २००७–०९) मागच्या जन्मीचे प्रेम आणि वैर या जन्मीच्या संसारात घुसतात, आणि पात्रांना स्वतःच्या भावना नेमक्या कुणाच्या, हेच शोधावे लागते.