मध, नेत्रोपचारातील
स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पटल) व पापण्या यांच्या विकारांवर मधाचा वापर फार प्राचीन आहे. ईजिप्तमधील एबर्स पपायरसात (इ. स. पू. सु. १५५०) डोळ्यांच्या अनेक औषधांत मध आढळतो. ॲरिस्टॉटल यांनी फिकट मध डोळ्यांना व जखमांना गुणकारी मानला. सुश्रुतसंहितेत मधाला ‘चक्षुष्य’ (डोळ्यांना हितकर) व ‘रोपण’ (जखम भरून आणणारा) म्हटले असून अंजनांतही तो वापरला आहे. मात्र या योगांत बहुधा खनिजे व वनस्पतिद्रव्येही असल्याने गुण नेमका कशाचा, हे त्यांवरून ठरत नाही.

मधातील विपुल शर्करेमुळे सूक्ष्मजंतूंतील पाणी तर्षणाने बाहेर ओढले जाते. मध विरल झाला की, त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होते. न्यूझीलंडच्या मनुका मधाची जंतुनाशक शक्ती मुख्यतः मिथिलग्लायॉक्झल या संयुगामुळे असते, असे २००८ मध्ये दिसून आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत स्वच्छमंडलाचा खरवडलेला थर मधामुळे लवकर भरून आला व दाहही कमी झाला. माणसांवरील चाचण्या मात्र मुख्यतः डोळ्यांचा कोरडेपणा व पापण्यांचा दाह यांपुरत्याच झाल्या आहेत. तेव्हा जखमी डोळ्याबाबतचा पुरावा तोकडाच म्हणावा लागतो.

घरगुती मध डोळ्यात घालणे धोक्याचे आहे. कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात, शिवाय योग्य उपचार लांबल्यास साध्या खरचटण्याचे पर्यवसान व्रणात व अंधत्वात होऊ शकते. उष्णतेने एंझाइम निकामी होत असल्याने वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.