'बाटगा' या शब्दाला दिलेले उत्तर

एकोणिसाव्या शतकातील मराठी समाज ख्रिस्ती झालेल्या माणसाला 'बाटगा' म्हणे, आणि या शब्दात त्याच्या श्रद्धेविषयी काहीच सांगितलेले नसे. बाटणे म्हणजे विटाळाने जातीबाहेर पडणे. ते अन्नाने किंवा पाण्यानेही घडते अशी समजूत असल्यामुळे, विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले सारे गाव ख्रिस्ती झाले, ही वसईकडची कथा लोकांना सहज पटत असे. धर्मांतर हा विचारातला बदल असू शकतो, हे कोणाच्या मनातच येत नसे. ते पंगतीतून उठून जाणे होते, आणि त्यामागे पोटाची किंवा नोकरीची लालूच असणार, हे गृहीतच धरलेले असे.

विटाळाची ही भीती किती खोल होती, हे पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणावरून कळते. १८९० साली तेथे गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, त्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली, आणि न्यायमूर्ती रानडे व बाळ गंगाधर टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य, म्हणजे जातिनियम मोडल्याबद्दलचा धर्मखटला, उभे राहिले.

धर्मांतर म्हणजे केवळ बाटणे, या समजुतीला मिशनऱ्यांनी प्रथम वादाने उत्तर दिले. मुंबईत जॉन विल्सन यांनी शास्त्र्यांशी जाहीर चर्चा केल्या, तर १८५७ मध्ये तिथल्याच समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माच्या बाजूने विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी पाद्र्यांशी वाद घातले. परंतु आक्षेप ग्रंथांवर नसून माणसाच्या परकेपणावर असल्यामुळे या वादांनी मने फारशी हलली नाहीत. परकेपणाच्या आरोपात तथ्यही होते, कारण मिशनच्या आवारात राहणारा आणि मिशनच्या पगारावर जगणारा नवख्रिस्ती गावापासून तुटतच असे. पोटासाठी बाटल्याचा आरोप मात्र अन्यायाचा होता. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात अस्पृश्य मानलेल्या जातींतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. ज्या गावाने त्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याच गावाने त्यांच्या हेतूंची झडती घ्यावी, याला कोणता नैतिक आधार होता?

खरे उत्तर कवी नारायण वामन टिळकांनी दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, घेतल्यावर त्यांनी मराठी भजन-कीर्तन सोडले नाही, उलट ख्रिस्ताला त्याच अभंगांत आणि टाळ-मृदंगाच्या साथीत बसवले. आणि १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. परकेपणा आणि पगार या दोन्ही आक्षेपांना त्यांनी प्रतिवाद न करता वागण्यातून उत्तर दिले, आणि हे उत्तर साऱ्या वादसभांहून मोलाचे होते.

त्याची किंमत मात्र घरातल्यांनीही मोजली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात सोवळ्याचे ओझे, पतीवरचा राग, उपासमार आणि नवा विश्वास हे सारे त्यांनी काही न लपवता, कोणाला उपदेश न करता मांडले, आणि चर्चची पायरी कधीही न चढलेल्या मराठी घरांनी हे पुस्तक आपलेच म्हणून वाचले.