मुडदूस आणि कुत्र्याचीं पिल्लें

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील धुरानें काळवंडलेल्या शहरांत वाकड्या पायांचीं मुलें गल्लोगल्लीं दिसत. या रोगास मराठींत मुडदूस म्हणतात. हाडांत चुना नीट न भरल्यामुळें तीं मऊ राहतात व शरीराच्या भारानें वाकतात. कोणी दोष कोंदट घरांस देई, कोणी आहारास. निर्णय मात्र होईना.

या निर्णयाची वाट मुक्या प्राण्यांनीं दाखविली. लंडनांत एडवर्ड मेलॅन्बी यांनीं कुत्र्याचीं पिल्लें घरांत कोंडून मुख्यतः धान्य व थोडें दूध अशा निकृष्ट आहारावर वाढविलीं. कांहीं महिन्यांतच पिल्लांना मुडदूस झाला. आहारांत कॉड माशाच्या यकृताचें तेल मिळालेलीं पिल्लें मात्र बचावलीं. हे प्रयोग सन १९१९ मध्यें प्रसिद्ध झाले. हा गुण अ जीवनसत्त्वाचा असावा, असा मेलॅन्बी यांचा तर्क होता. सन १९२२ मध्यें अमेरिकेंत मॅककॉलम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेल तापवून, त्यांतून हवा सोडून त्यांतील अ जीवनसत्त्व नष्ट केलें. तरीही त्या तेलानें मुडदूस हटला. या नव्या द्रव्यास 'ड' हें नांव मिळालें.

इकडे सन १९१९ मध्येंच बर्लिनचे डॉक्टर हुल्डशिन्स्की यांनीं अतिनील किरणांनीं मुलांचा मुडदूस बरा केला होता. मनुष्याची त्वचा उन्हांत ड जीवनसत्त्व तयार करते, हें त्याचें कारण. मग उन्हांत लोळणाऱ्या कुत्र्या-मांजरांनाही तें आपोआप मिळत असेल, असें कोणासही वाटेल. परंतु सन १९९४ मध्यें हॉलंडांतील उट्रेख्टच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, किरण पडतांच उंदराच्या त्वचेंत ड जीवनसत्त्व पुष्कळ वाढतें. कुत्र्या-मांजरांच्या त्वचेंत तें फारसें वाढत नाहीं. त्यासाठीं लागणारें मूळ द्रव्यच त्यांच्या त्वचेंत अत्यल्प असतें. त्यांचा सारा भरंवसा अन्नावर. मेलॅन्बी यांच्या पिल्लांना आहारांतील उणीव इतकी स्पष्ट कां भोंवली, याचा उलगडाही यांतच आहे.

तात्पर्य, घरच्या पिल्लास अंगणांतील ऊन पुरेसें नाहीं. त्याच्या अन्नांत चुना, फॉस्फरस व ड जीवनसत्त्व यांचें योग्य प्रमाण हवें. मात्र मनानेंच तेल पाजणें घातक. अतिरेकानें मूत्रपिंडांत चुना सांचतो. पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. असंख्य बालकांचे पाय सरळ राहिले, ते या पिल्लांच्या वाकलेल्या हाडांमुळें. त्यांच्या वंशास पोटभर व योग्य अन्न देणें, एवढी तरी परतफेड मनुष्यानें करावी.